एका अक्षराची भानगड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेले आमचे पोटाचे डॉक्टर, त्यांच्या शेजारच्या, उद्यापासून प्रयोगशाळेची धुरा वाहणाऱ्या नव्या प्रमुख, आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे मॅडम म्हणता आणि मी एकटाच बाई म्हणतो, त्यांचे यजमान, सभागृहात जमलेले शास्त्रज्ञ, विद्यार्थी, कर्मचारी, आणि पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच मला घड्याळ दाखवणारी माझी धाकटी बहीण, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख ‘मॅडमचे स्नेही’ अशी करून दिली. हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी माझा धंदा का गाळला ते मला माहीत नाही, पण लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी चष्मेवाला. तुमच्या फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळलं की औषधांच्या दुकानाला लागून माझं दुकान. इथून पाहतोय तर सभागृहातल्या निम्म्या नाकांवर माझाच माल दिसतोय. चौथ्या रांगेतल्या साहेबांचा चष्मा उजवीकडे कललाय. कार्यक्रम संपल्यावर येऊन जा साहेब, एक स्क्रू आवळायचा आहे.

आता इतक्या विद्वान मंडळींमध्ये चष्मेवाल्यानं काय बोलायचं? मी बाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “जे झालं ते सांगा. फक्त उपमा देऊ नका.”

ज्यांनी बाईंच्या हाताखाली काम केलंय ते आत्ता हसले. या बाईंना उपमेचं वावडं आहे. कोणी म्हणालं की एन्झाइम म्हणजे शिपाई किंवा गवंडी, की त्यांच्या कपाळाला आठी पडते. “ते शिपाई नाही. ते एन्झाइम आहे. ते काय करतं ते सांगा, तेवढंच पुरेसं नवल आहे.” तेव्हा आज मी उपमा दिली तर मला थांबवायचा अधिकार त्यांना आहे.

तर काय झालं ते सांगतो.

तेव्हा दुकान आम्ही दोघं भाऊ चालवत होतो. मी पुढे काउंटरवर, आणि दादा मागच्या खोलीत मशीनवर काचा घासायला. दादाचा आवाज असा की मशीन चालू असतानाही तो पुढच्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा, मधे भिंत असूनही. एक दिवस दुपारी एक बाई आल्या. केस कसेबसे बांधलेले, हातात एक चष्मा आणि त्याची मोडलेली काडी. म्हणाल्या, “एवढी बसवून द्याल?”

मी चष्मा उलटसुलट पाहिला. काच काळपट, नंबर काही नाही. म्हटलं, “हा उन्हाचा नाही, वाचायचा नाही. सिनेमाचा आहे का?”

“हो, सिनेमाचाच,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “त्यात एकच पात्र आहे आणि ते हलत नाही. कित्येक वर्षं मी तोच बघतेय.”

मागून दादा ओरडला, “मग तिकिटाचे पैसे परत मागा!”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काउंटरवर कोपरं टेकली आणि आत वाकून दादाला म्हणाल्या, “परत कशाला? मला अजून शेवट कळलेला नाही.”

तो चष्मा संगणकाच्या पडद्यावरची रेणूची रचना उंची-खोलीसकट दिसावी म्हणून होता. आणि ते न हलणारं पात्र म्हणजे म्यूटवाय नावाचं एन्झाइम. काडी बसवायला जितका वेळ लागला, त्याच्या चौपट वेळ बाई त्याच्याबद्दल बोलल्या. मग येऊ लागल्या अधूनमधून. कधी स्क्रू सैल झाला म्हणून, कधी नुसत्याच. आम्हा दोघा भावांना घरबसल्या शिकवणी मिळाली. ती अशी.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए आहे, त्यात चार अक्षरं आहेत. ए समोर टी, जी समोर सी, अशा जोड्या. आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्या गडबडीत कधी एखाद्या जीला ऑक्सिजन चिकटतो आणि तो जी बिघडतो. बिघडलेल्या जीची गंमत म्हणजे तो सी सोडून ए शीही जमवून घेतो. डीएनएची नक्कल होताना त्याच्यासमोर सी यायचा तिथे ए येऊन बसतो. वेळेत काढला नाही तर पुढच्या नकलेत ती चूक कायमची होते. तिला मग कोणीही चूक म्हणून ओळखू शकत नाही, कारण जोडी तर बरोबर दिसते.

तो भलत्या जागी बसलेला ए काढणं हे या एन्झाइमचं काम. बाई म्हणायच्या, “कापणं अवघड नाही हो. कुठला कापायचा हे ओळखणं अवघड आहे. शेकडो कोटी ए आपापल्या टी समोर नीट बसलेत. त्यांतल्या एकाला धक्का लागता कामा नये.”

मग त्या काउंटरवरच्या कागदावर काढून दाखवायच्या. एन्झाइमचे दोन भाग. ते डीएनएला दोन्ही बाजूंनी धरतात, वाकवतात. एक भाग समोरचा जी बिघडलेला आहे ना, हे तपासतो. दुसरा भाग त्या ए ला जोडीतून ओढून पूर्ण बाहेर वळवतो, स्वतःतल्या एका बारीकशा खाचेत घेतो आणि तिथे त्याचा सांधा तोडतो. रिकामी झालेली जागा मग दुसरी एन्झाइमं भरून काढतात. “आणि ए बाहेर काढला की तेवढ्यात आत पोकळी पडते,” बाई म्हणायच्या, “तिथे याचं एक अमिनो आम्ल घुसून बसतं. नाहीतर ए परत जागेवर जाईल.”

दादा मागून विचारायचा, “मग सिनेमा न हलणारा का? हे तर चांगलं धावपळीचं काम आहे!”

“कारण मी त्याला अडकवून ठेवलंय,” बाई म्हणायच्या. “कापता येणार नाही असा बनवलेला ए त्याला दिला. तो धरून ते बसून राहिलं. मग त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरण टाकून पाहिलं.”

दादा म्हणाला, “फसवलंत की बिचाऱ्याला!” बाईंच्या कपाळाला आठी पडली. ‘बिचारा’ हीसुद्धा त्यांच्या लेखी उपमाच.

हे असं बरं चाललं होतं. मग दादाचा पट्टा सैल होऊ लागला. आधी आम्ही थट्टा केली, मग थट्टा बंद केली. व्यासपीठावरच्या या डॉक्टरांनी त्याच्या आतड्यातली गाठ शोधली आणि शस्त्रक्रिया केली. पण डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. गाठ एक, पण आजूबाजूला पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अंगाला येणारे छोटे कोंब, ते ढिगानं. माणूस पन्नाशीच्या आतला. त्यांनी दादाचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं आणि आम्हा दोघा धाकट्या भावंडांचंही.

निकाल आला तेव्हा आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत एका बाकावर बसलो होतो, शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, “एक एन्झाइम असतं, म्यूटवाय म्हणून...”

दादा म्हणाला, “ओळखतो.”

डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. डॉक्टर, आठवतंय ना?

तर गोष्ट अशी होती. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. दोन्ही बिघडल्या की ते भलत्या जागचे ए तसेच राहतात, चुका साठत जातात आणि आतड्यात हे असं होतं. दादाची एक प्रत नक्की बिघडलेली. दुसऱ्या प्रतीत एका अक्षराचा बदल, त्यामुळे एन्झाइममधलं एक अमिनो आम्ल वेगळं. पण त्यानं काही बिघडतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तसा बदल तोवर नोंदलाच गेला नव्हता. माझ्याकडे फक्त ती नक्की बिघडलेली प्रत निघाली, दुसरी धडधाकट. म्हणजे मी सुटलो. आणि धाकटीकडे दादासारख्याच दोन्ही.

आता माझ्या या बहिणीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. ती मोटार शिकवते. दिवसभर ज्यांना ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यातला फरक ठाऊक नाही अशा माणसांच्या शेजारी बसते आणि त्यांना भर रस्त्यात सोडते. ट्रक अंगावर आला तरी हिचा आवाज चढत नाही. “डावीकडे घ्या. तुमची डावी. दुसरी डावी.” हे सगळं एकाच सुरात. अशी बाई घाबरेल असं कोणाला वाटेल?

डॉक्टर तिला म्हणाले, “दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करून घ्या.” ती म्हणाली, “तुम्हीच म्हणता ना, या बदलाचा अर्थ माहीत नाही. मला तर काही त्रास नाही. माहीत झालं की सांगा.” आणि उठली. डॉक्टरांनी समजावलं, दादानं समजावलं, मी तर पाया पडायचाच बाकी होतो. तिचं एकच, “माहीत नाही म्हणजे नाही.” तिची दोन लेकरं तेव्हा शाळेत होती.

मी ती रिपोर्टची प्रत घेऊन या इमारतीत आलो. बाईंच्या खोलीत खुर्चीवरसुद्धा कागद. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बाईंनी हात मागे घेतले. “मी डॉक्टर नाही. मी माणसं तपासत नाही. मला ही एकच वस्तू कळते.”

मी म्हटलं, “मग तीच बघा ना.”

त्यांनी कागद घेतला, बदल कुठे आहे ते वाचलं आणि खुर्चीवरच्या कागदांवरच बसल्या. मग म्हणाल्या, “मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ए बाहेर काढल्यावर आत घुसून बसणारं एक अमिनो आम्ल? हे त्याच्या अगदी शेजारचं आहे. त्याला टेकू देणारं.” आणि लगेच स्वतःलाच म्हणाल्या, “पण ही शंका झाली. उत्तर नाही.”

संचालक महोदय, तेव्हाच्या परवानग्यांच्या धावपळीत आपण जी मदत केलीत ती आम्ही विसरलेलो नाही. डॉक्टरांनी रीतसर विनंती केली, आम्ही संमती दिली आणि काम सुरू झालं. ते काम हातानं केलं ते आज व्यासपीठावर बसलेल्या नव्या प्रमुखांनी. तेव्हा त्या बाईंच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी नेमका तोच बदल असलेलं एन्झाइम तयार केलं आणि भलत्या जागी ए असलेला डीएनए त्याच्यासमोर ठेवला. कापतंय का बघायला.

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. दुकानात आम्ही तिघं होतो, फोन मोठ्या आवाजावर. बाई म्हणाल्या, “कापताना दिसतंय. पण अजून मी...” पुढचं कोणी ऐकलंच नाही. धाकटीनं मला मिठी मारली, दादाला मिठी मारली, चष्म्याच्या स्टँडलाही मारली असती. शिकवणीचे सगळे क्लास रद्द केले, आम्हा दोघांना आपल्या शिकाऊ पाटीच्या गाडीत बसवलं आणि शहरभर फिरवून आणलं. दादा मागच्या सीटवर गात होता. लोक वळून बघत होते. शिकाऊ गाडीतून इतकं छान गाणं त्यांनी कधी ऐकलं नसावं.

बाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. का नव्हतं, हे मला पुढे त्यांच्या विद्यार्थिनीनं सांगितलं. “मॅडम रोज तो चष्मा लावून बसायच्या आणि म्हणायच्या, टेकू गेलाय आणि तरी काम चालू आहे, हे कसं?” विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, प्रयोग तीनदा केला.” बाई म्हणाल्या, “प्रयोग बरोबर आहे. प्रश्न चुकीचा विचारलाय आपण.”

दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी बाई दुकानात आल्या. हातात चष्मा नव्हता. डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला बोलवा. फोनवर सांगणार नाही.”

धाकटी आली, तिच्यामागे तिचा अर्धवट शिकलेला विद्यार्थीही आला. त्याला मी बाहेर बाकावर बसवलं. बाई म्हणाल्या, “मी तुम्हाला घाईनं सांगितलं. ते सांगायला नको होतं.”

“म्हणजे?”

“आम्ही नळीत एन्झाइम भरपूर घातलं होतं आणि त्याला वेळही भरपूर दिला होता. इतकं दिलं की ते कसंबसं का होईना, कापतं. पेशीत ते इतकं थोडं असतं आणि डीएनए इतका अफाट. म्हणून पुन्हा केलं. थोडं एन्झाइम, थोडा वेळ. चांगलं एन्झाइम भलत्या जागचे सगळे ए काढतं. तुमचं डीएनएला धरतं, बिघडलेला जी ओळखतंही, पण ए बाहेर वळवून ठेवता येत नाही त्याला. तो परत आत जातो. जवळजवळ काहीच कापलं जात नाही.”

धाकटी उभीच होती. “त्या दिवशी एक सांगितलंत, आज एक. तुमचं कोणतं खरं धरायचं?”

“आजचं.”

“आणि पुढच्या आठवड्यात तिसरंच सांगाल!”

“तसं दिसलं तर सांगेन,” बाई म्हणाल्या. “पण तसं दिसणार नाही. रचना आणि प्रयोग आता एकच सांगतायत.”

धाकटी दार आपटून गेली. बाकावरचा विद्यार्थी तिच्या मागे धावला. बाई तशाच बसून राहिल्या, समोर अक्षरांचा तक्ता. मी चहा मागवला. मंडळी, मी धंद्यात आयुष्य काढलंय. दिलेला माल सदोष होता हे सांगायला स्वतः चालत आलेला माणूस मी फार पाहिलेला नाही. आणि इथे तर गिऱ्हाईक खूष होतं! गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलं असतं?

मागून मशीन बंद झालं. दादा बाहेर आला. तेव्हा त्याची औषधं चालू होती, भिंतीला हात लावत चालायचा. म्हणाला, “बाई, मला बघायचंय ते. माझ्यातलं.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही इथे आलो. गाडी धाकटीनंच चालवली, कारण दादाला दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसवायला ती तयार नव्हती. पण वाटेत बोलली नाही. विद्यार्थिनीनं आधी एक छोटी नळी आणून दादाच्या हातात दिली. आत पिवळसर तपकिरी पाणी. “हे तुमच्याकडचं एन्झाइम. यात लोखंड आणि गंधक आहे, म्हणून हा रंग.” दादानं नळी उजेडाकडे धरली. काचेचा माणूस, उजेडाकडे धरल्याशिवाय काही बघायचाच नाही. मग बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, तो काळा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि पडद्यावर रचना फिरवली.

दादा इतका वेळ गप्प बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. बाईंनी बोटानं दाखवलं. हा डीएनए, असा वाकलाय. हा बिघडलेला जी. हा ए, बाहेर वळलेला. आणि ही ती जागा. दादा पुढे वाकून म्हणाला, “एवढ्याशा जागेत एवढी मोठी भानगड!” मग बाईंकडे वळून, “म्हणजे हे माझ्यात इतकी वर्षं धरून बसायचं, पण काढता यायचा नाही?”

“थोडा यायचा. पुरेसा नाही.”

“म्हणजे प्रयत्न करत होतं बिचारं.”

मी बाईंकडे पाहिलं. आता आठी पडणार, आता बाई म्हणणार की एन्झाइम प्रयत्न वगैरे करत नाही. बाई काहीच म्हणाल्या नाहीत. दादाच्या खांद्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या माहितीत बाईंनी चालवून घेतलेली ही एकमेव उपमा.

दादानं चष्मा काढून धाकटीपुढे धरला. “तुझ्यातही हेच आहे. बघ.”

तिनं घातला नाही. भिंतीला टेकून म्हणाली, “मला भीती वाटते रे.”

साठ वेळा समोरून ट्रक आला तरी जी बोलली नव्हती, ती हे बोलली. बाई म्हणाल्या, “मलाही वाटते.”

“तुम्हाला कशाची?”

“गाडीची. स्टिअरिंगवर हात ठेवला की माझे तळवे भिजतात. यांना विचारा, तीनदा शिकायला गेले आणि तीनदा परत आले.” हे ‘यांना’ म्हणजे आज पहिल्या रांगेत मान डोलावणारे यजमान.

धाकटीनं डोळे पुसले आणि बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, शिकाऊ उमेदवाराला बघतात तसं. “तुम्ही माझ्या गाडीत बसा. मी त्या दुर्बिणीला तयार होते.”

“आधी तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“आधी तुम्ही!”

दादा म्हणाला, “दोघी एकाच दिवशी. सकाळी ही, संध्याकाळी ती. विषय संपला.”

आणि तसंच झालं. डॉक्टरांनी सकाळी तपासणी केली. पॉलिप बरेच होते. ते त्यांनी त्याच वेळी दुर्बिणीतूनच काढले. त्यांतल्या एकाची लक्षणं वाईट दिसायला लागली होती, नुकतीच. डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले, “वेळेत आलात. वर्षभर थांबला असतात तर मी तुमच्याशी हे असं हसत बोललो नसतो.” आत ही बया भुलीतून जागी होऊन नर्सला विचारत होती, “बाई संध्याकाळी येणार आहेत ना? पळून तर नाही गेल्या?”

बाई पळाल्या नाहीत. डॉक्टरांनी हिला आराम सांगितला होता, म्हणून हिच्या हाताखाली शिकवणारी मुलगी बाईंच्या शेजारी बसली, स्टिअरिंग बाईंच्या हातात दिलं आणि ही मागच्या सीटवर उशीला टेकून सूचना देत होती. “क्लच सोडा. हळू. हळू म्हटलं. बाई, तो खांब तुमच्याकडे येत नाहीये, तुम्ही त्याच्याकडे जाताय.” संस्थेच्या फाटकाच्या उजव्या खांबाला जो पोचा आहे, त्याबद्दल संचालकांनी अनेकदा चौकशी केल्याचं मला माहीत आहे. महोदय, आज निरोपाच्या दिवशी तेवढं प्रकरण मिटवून टाका.

बाई आज स्वतः गाडी चालवत आल्या. धाकटी दर वर्षी तपासणीला जाते, कोंब आला की काढला जातो, आणि तिची थोरली लेक आता स्वतःच क्लास घ्यायला लागली आहे.

दादा पुढच्या वर्षी गेला. त्याचा आजार आमच्यापेक्षा पुढे निघून गेला होता, त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी जरा पाणी पितो. क्षमा असावी.

बाई घरी आल्या होत्या. स्वयंपाकघरात आईजवळ खाली बसल्या. आई कित्येक दिवस एकच गोष्ट मनात घोळवत होती. तिनं विचारलं, “हे माझ्याकडून गेलं का हो त्याला?” आम्ही सगळे म्हणणार होतो, नाही नाही, असं काही नसतं. बाईंनी तसं म्हटलं नाही. म्हणाल्या, “एक तुमच्याकडून गेलं, एक त्याच्या वडिलांकडून. तुमची दुसरी प्रत चांगली होती म्हणून तुम्हाला काही झालं नाही, आणि तुम्हाला कधी कळायचं कारणही नव्हतं. त्याला कोणती प्रत जावी हे कोणाच्याच हातात नसतं. तुमच्याही नाही.” आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “आणि त्याचा आवाज?” बाई म्हणाल्या, “तो तुमच्याकडूनच गेला असणार. इतक्या हळू बोलताय तरी बाहेरच्या खोलीत ऐकू जातंय.” दादा गेल्यानंतर आई प्रथमच हसली.

पुढे त्या बदलावरचं संशोधन छापून आलं. त्यात आधीचा प्रयोगही आहे, तो का फसवा होता हेही आहे. विद्यार्थिनीनं बाईंना विचारलं होतं म्हणे, तो भाग गाळला तर चालेल का? बाई म्हणाल्या, “तोच भाग कोणाच्यातरी उपयोगाचा आहे.” दादाची आठवण म्हणून त्यात कुठेही काही नाही, कारण रुग्णाचं नाव छापत नाहीत, आणि बाई नियमाबाहेर जात नाहीत. मला ते बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात हे डॉक्टर दुकानात चष्मा बदलायला आले होते. काच बसवेपर्यंत म्हणाले, “एक गंमत सांगू? दूरच्या एका शहरातून मला एका डॉक्टरांचा फोन आला. दोन सख्ख्या बहिणी. त्यांच्यात हाच बदल निघाला. त्यांनी बाईंचं काम वाचलं आणि दोघींना लगेच तपासणीला बोलावलं. थोरलीत काही निघालं नाही. धाकटीचे पॉलिप काढले. दोघी ठणठणीत आहेत.” मी विचारलं, “त्यांना बाई माहीत आहेत का?” डॉक्टर म्हणाले, “छे! त्यांना तुम्हीही माहीत नाही आणि तुमचा भाऊही माहीत नाही. कशाला माहीत असायला हवं?”

बाई, त्या दोघी आज इथे नाहीत. कुठे असतील, काय करत असतील, आपल्याला कळायचं नाही. बहुधा कामावर असतील, किंवा एकमेकींशी भांडत असतील. बहिणी आहेत, म्हणजे भांडतच असणार. त्यांच्या वतीनं तुमचे आभार मानायला कोणीतरी हवं, म्हणून मी उभा राहिलो. माझ्या घराच्या वतीनं आभार मानायचा प्रयत्न मी आधी दोनतीनदा केलाय, तो मला जमलेला नाही आणि आजही जमणार नाही. आई घरी आहे. तिनं सांगितलंय, बाईंना म्हणावं आता सुट्टीच आहे तर येत जा.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी एका चष्मेवाल्याचं इतका वेळ ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. विज्ञानाचं काही चुकीचं बोललो असेन तर बाई उद्याच दुकानात येऊन सांगतील, त्याची मला काळजी नाही. बाकी बोलण्यात जे काही उणंअधिक झालं असेल ते आपण सर्वांनी उदार मनानं पोटात घालावं. आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, त्या पोटाची वेळच्या वेळी तपासणीही करून घ्यावी.

नमस्कार.